माणूस कोणाचा?

नाही हो, खेळाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, तक्रार आहे ती फक्त दोन शब्दांबद्दल... माणूस कोणाचा? तुम्हाला सांगते, गेले आठ महिने मी हेच विचारतेय, उठता-बसता, दात घासताना, एकदा तर मावशीकडे जेवायला गेले असता सोफ्यावर घोरणाऱ्या काकांकडे बोट दाखवून विचारलं, "माणूस कोणाचा?" मावशी म्हणाली, "माझाच गं, आता काय करणार!"

तर त्याचं असं आहे, मी संख्याशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, प्रबंधाचा विषय 'व्यावसायिक बास्केटबॉलमधील वैयक्तिक बचावाचे मापन', आणि त्यासाठी एका क्लबात आकडे नोंदवायला बसते. मैदानावर पाच विरुद्ध पाच, बचावात प्रत्येकाला समोरचा एकेक माणूस वाटून दिलेला. समोरच्यांनी बास्केट केली की मी व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, माणूस कोणाचा? आता हे कबूल कोण करणार? एक म्हणतो, "ताई, होता माझाच, पण मी तो पुढे सोपवला." दुसरा म्हणतो, "मला मिळालाच नाही!" तिसरा छताकडे बघतो! म्हणजे सहा फूट सात इंचांचा धडधाकट माणूस, आणि बेवारस?

मग मी, अत्यंत सावधपणे, एक नियम केला. बास्केट झाली त्या क्षणी सर्वांत जवळ जो उभा, गेलेले गुण त्याच्या खात्यावर; जितके जास्त, तितका तो यादीत खाली. किती स्वच्छ! किती निःपक्षपाती! आणि यादीच्या तळाला कोण आलं? मामा! संघातले सर्वांत ज्येष्ठ, वय छत्तीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आणि शिखरावर? चित्ता! म्हणजे आमचा तो केसांचा तुरा काढणारा पोरगा, जो प्रत्येक फोटोत हवेत असतो.

प्रशिक्षक म्हणाले, "ताई, दोघांपैकी एकाचाच करार वाढवायचाय. तुमची यादी शुक्रवारी वर जाईल." मामांना मी चाचरत सांगितलं, तर ते पट्टा सोडत म्हणाले, "अगं, आकडा आहे तो, त्याला काय माझी दुश्मनी आहे? गुडघे थकले असतील." मी बेरीज पुन्हा तपासली, तीच आली... पद्धत म्हणजे पद्धत!

आणि गुरुवारी, आपसातल्या सराव सामन्यात, मामांच्या बाजूच्या एकाचं पोट बिघडलं. प्रशिक्षकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खाली पाहिलं... कारण माझी उंची पाच फूट एक इंच. "ताई, उभ्या राहा नुसत्या. चित्ता तुमचा." मी म्हटलं, "सर, माझी पात्रता केवळ सैद्धांतिक आहे!" पण ऐकतंय कोण? शिट्टी वाजली, चित्ता आला, आणि गेला! 'गेला' म्हणजे वारा लागला, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते. मागून मामा ओरडले, "ताई, डावीकडे रेट त्याला, मागे मी आहे!" मी रेटायला वळेपर्यंत मामा स्वतःचा माणूस सोडून, पट्ट्यांसकट धावत, चित्त्याच्या पुढ्यात! मामांची जागा दुसऱ्यानं भरली, दुसऱ्याची तिसऱ्यानं... आणि मी? मी त्याच जागी, हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखी! अकरा वेळा चित्ता मला चकवून गेला. आठ वेळा मामांनी अडवला, तीनदा त्यांच्या हातावरून बास्केट झाली.

मग धापा टाकत मी आकडे भरले. मामांच्या खात्यावर सहा गुण. माझ्या खात्यावर... शून्य! अहो, यादीत मी पहिली! चित्त्याच्याही वर! जिला घरचं मांजर चकवतं, ती क्लबातली सर्वोत्तम बचावपटू! म्हणजे आठ महिने मी काय करत होते? आग लागली तिथे बंबवाले हमखास दिसतात, म्हणून आग तेच लावतात, असं शास्त्रशुद्ध सिद्ध करत होते!

मी धावत प्रशिक्षकांकडे. "सर, यादी पाठवू नका! चुकलेल्याचा गुन्हा मी मदतीला आलेल्याच्या माथी मारत होते!" ते म्हणाले, "मग मामांचा खरा आकडा किती?" मी म्हटलं, "सर, उपलब्ध पुराव्यांवरून सांगायचं तर... एकट्याचा आकडा सुटा काढताच येत नाही. पण मामा बाहेर बसले की बाकी चौघांवर समोरचे दुप्पट गुण करतात, हे मोजता येतं." त्यांनी यादी टराटरा फाडली. मामांचा करार वाढला! आणि चित्त्याला दुसऱ्या क्लबानं उचललं, फोटोंसकट! मामांनी मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, मी वरून ओरडत होते, "गुडघे! मामा, गुडघे!"

तशीच तरंगत मार्गदर्शक बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे वैयक्तिक बचाव मोजताच येत नाही, असं तू वैयक्तिक बचावाच्या प्रबंधात सिद्ध केलंस?"

"हो, बाई!"

"छान. मौखिक परीक्षेत हेच सांग. पाच परीक्षक आहेत."

"बाई, मागे तुम्ही असाल ना?"

"असेन की. पण नियमानं मार्गदर्शकाला तोंड उघडता येत नाही."

आता सांगा... समोर पाच, इकडे मी एकटी, पाच फूट एक इंच. माणूस कोणाचा? पाचही माझेच हो, पाचही माझेच!