सुई आणि तीन टाचण्या

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. मशीन चालवणारी त्यांना न्यायला आली.

"अंगावर लोखंडाचं काही नाही ना, बाई? पिना, चाव्या?"

"नाही गं. पण तो आवाज ऐकूनच धडकी भरलीय."

"मोठं चुंबक आहे, बाई. तुम्हीच शिकवलंत की, सातवीत."

"मी? तू माझ्या वर्गातली?"

"शेवटच्या बाकावरची. सुईचं चुंबक करायचं होतं, पण माझी सुई एकही टाचणी उचलत नव्हती. सगळ्या हसत होत्या."

"मागे-पुढे घासत असशील."

"अगदी! तुम्ही म्हणालात, चुंबक एकाच दिशेने फिरव, टोकाला आलीस की उचल. मधली सुट्टी झाली तरी जवळ उभ्या राहिलात. पन्नास वेळा मोजलंत."

"मग? उचलल्या टाचण्या?"

"तीन! घरचे शाळा सोडवायच्या बेतात होते. मी आईला सुई दाखवली आणि म्हटलं, मला पुढे शिकायचंय."

"मला काहीच आठवत नाही गं."

"नसू दे. आम्ही साठ जणी होतो, बाई. लक्षात ठेवायचं काम आमचं."

बाईंनी मशीनच्या दाराकडे पाहिलं.

"मी काचेपलीकडेच आहे. सारखी बोलत राहीन."

"हात दे बरं. बघू तरी तुझं चुंबक."