बाईंसाठी मांडलेली गल्ली

समारंभाचे अध्यक्षमहाशय, आदरणीय मुख्याध्यापिका, व्यासपीठावरील मान्यवर, जमलेले पालक, पहिल्या दोन रांगांत 'हलायचं नाही' असं बजावून बसवलेली मुलं, आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या हस्तकलेच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

बाईंविषयी चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. अध्यक्षमहाशय म्हणाले, "तुमचा खोक्यांचा कारखाना, बाईंचा खोक्यांवर जीव, जमेल तुम्हाला." बघू. माझं शिक्षण बेताचं, पण कान तिखट आहेत, आणि त्याचा आज थोडा त्रास होणार आहे.

बाईंचं सुट्टीतलं शिबिर आपण जाणताच. घरातल्या टाकाऊ वस्तू आणायच्या आणि मुलांनी त्यातून आपल्या हातानं काहीतरी करायचं. नियम एकच, वस्तू घरात वापरून संपलेली हवी. यात अवघड काय आहे? पण आम्ही पडलो पालक. आमच्या सूनबाईंनी आदल्या दिवशी शांपूची भरलेली बाटली बादलीत ओतली. मी विचारलं, "अगं, हे काय?" तर म्हणे, "बाबा, उद्या रिकामी न्यायचीय. शेजारच्यांकडे तीन जमल्यात." पुढे आठवडाभर घरात सगळे शांपू लावत होते. मीसुद्धा. कशाला, ते माझ्या डोक्याकडे बघून तुम्हीच ठरवा.

बाईंनी ती बाटली परत पाठवली. सूनबाई रुसल्या. मग नातीनं दुधाचा रिकामा खोका आणि माझ्या फाटक्या सदऱ्याची बटणं घेऊन एक घर केलं. भिंत कललेली, दार डिंकानं घट्ट चिकटलेलं. मी म्हटलं, "दार उघडत नाही गं." ती म्हणाली, "आजोबा, सुट्टी आहे. कुणाला कुठे जायचंच नाहीये."

अशी सगळ्या मुलांनी घरं केली. शिबिर संपल्यावर, आज बाईंना द्यायची म्हणून, त्यांनी आपापसांत ठरवून ती एका फळीवर जोडून गल्ली मांडली. मोज्यांची झाडं, जुन्या टूथब्रशचं कुंपण.

आता कृपा करून माझ्या मागची सजावट बघा. वर 'टाकाऊतून टिकाऊ' अशी कमान. एक तरी घर कललंय का? एका तरी बाटलीवर ओरखडा आहे का? हे सगळं कंत्राटदारानं केलंय. आणि हे खोके मी ओळखतो, कारण परवा माझ्याच कारखान्यातून ते कोरे बाहेर पडले. जुने दिसावेत म्हणून त्यांच्यावर तपकिरी रंगाचे फटकारे मारलेत. नव्याला जुनं करायची ही कला बाईंनी कधी शिकवली नव्हती हो.

मग मुलांची गल्ली कुठे आहे? मघाशी चहा घेताना माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "ते सामानाच्या खोलीत सरकवलंय. फोटोत बरं दिसत नाही." दुसरा म्हणाला, "कचराच तो. बाईंना नंतर देऊ म्हणून सांगा मुलांना." मी नावं घेणार नाही. दोघंही व्यासपीठावर आहेत आणि आत्ता पाणी पिताहेत.

मुलं मघापासून बाईंकडे बघतच नाहीयेत, त्या खोलीच्या दाराकडे बघताहेत. एवढ्या माणसांत हे कुणालाच दिसलं नाही?

बाईंना निरोप द्यायचा, बाईंचंच काम अडगळीत टाकायचं, आणि वर माझ्या हस्ते हा चकचकीत करंडक द्यायचा. माझा हात धजत नाही. अध्यक्षमहाशय बोटानं खुणावताहेत, "गल्ली शेवटी आणू, शेवटी." शेवटी मुलं झोपलेली असतात, साहेब.

अहो बाई, तुम्ही कुठे उठलात? बरं बरं. उजवीकडचं दार. कडी नुसती ओढलेली आहे. पोरांनो, तुम्हाला आता कोण अडवतंय? जा.

समोरच्या दोन्ही रांगा रिकाम्या झाल्या, तेव्हा माझं भाषणही संपलं असं समजतो. मला बोलायला उभं केल्याबद्दल संयोजकांचे आभार. त्यांना पुन्हा अशी बुद्धी होईल असं वाटत नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाच्या मनाला लागलं असेल, तर वयाकडे बघून सोडून द्या. आणि मधली वाट तेवढी मोकळी ठेवा. बाई आणि मुलं गल्ली उचलून आणताहेत. कालच जोडलीय, डिंक अजून ओला आहे.