पित्ताची कॅप्सूल

हसा लेकहो, पण ते तीन दिवस कसे गेले, माह्यं मले माहीत. आतड्यात पित्ताम्लं किती आहेत ते मोजाले डॉक्टरनं एक कॅप्सूल गिळाले देली होती. ती आतड्यातलं पाणी भरून घेते, मंग संडासातून निघते, ती जपून परत द्यायची.

दोन दिवस निघालीच नाही. अडकली असंन त पोट फाडतीन, या भेवानं मी धाड गावच्या शाळेत शिकवाले गेलोच नाही. बायको दर घंट्याले विचारे, "निघाली का?"

तिसऱ्या दिवशी निघाली. बायकोनंच डबीत भरली, अन् आम्ही दोघं बुलढाण्याले गेलो.

डॉक्टर म्हणे, "ही त रिकामी आहे."

बायको म्हणे, "उघडून गरम पाण्यानं धुतली नं साहेब. तुमच्या हातात घाण कशी देऊ?"

डॉक्टरनं ड्रॉवरमधून दुसरी कॅप्सूल काढली अन् पाण्याचा गिलास माह्यापुढं सरकवला.