खंडोबाला सोडलेला कुत्रा

कुत्र्याला हात जोडलेत का कधी कुणी? मी जोडलेत. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी पुणं सोडून मेहकरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. सकाळी शेतांकडे फिरायला निघालो, तर एक काळा कुत्रा सरळ अंगावर आला आणि त्यानं माझं धोतरच धरलं. त्याचे मालक गंगारामभाऊ ओट्यावर बसून निवांत दात घासत होते.

"अहो, आवरा ना याला!"

"काही करत नाही थो, मास्तर."

"धोतर फाडलं की त्यानं!"

"तुम्ही ओढून राह्यले, म्हणून फाटलं."

"बांधून का नाही ठेवत?"

"कसा बांधू? खंडोबाले सोडला हाये त्याले. देवाचं जनावर. हात जोडा, मंग जाते."

आता देवापुढे काय बोलणार? जोडले हात. कुत्रा खरंच गेला, धोतराचा तुकडा घेऊन. चूक माझी, कुत्र्याची की खंडोबाची, हे मला दिवसभर कळेना.

चार दिवसांनी पाहतो, तर तोच कुत्रा साखळीनं खांबाला बांधलेला! मी आणखीच चक्रावलो.

"गंगारामभाऊ, हा देवाचा ना? मग आज काऊन बांधला?" एव्हाना मीही 'काऊन' म्हणायला लागलो होतो.

"आज जावई येऊन राह्यला ना."

"अन् खंडोबा?"

"देव समजून घेते हो, मास्तर. जावई नाही घेत."