रक्तातलं वेड कुणी पाहिलं?

मंडळी, मोघे डॉक्टरांच्या शोकसभेला आपण सगळे आलात. त्यांच्या पत्नी, ताई, समोर बसल्या आहेत. मी बोलते.

डॉक्टरांचे पेशंट माझे वडील होते, नाना. आपलं संस्थान विलीन झालं, पुढं मध्यभारत राज्यही गेलं, आणि नानांच्या अख्ख्या दफ्तराचा, म्हणजे कचेरीचाच, भोपाळला तबादला निघाला, बदली. नाना आतून कडी लावून बसू लागले. म्हणायचे, "इंदरगंज चौकापासून माणसं माझ्या मागे लागतात." ताटातला पहिला घास मांजराला घालायचे.

नातेवाईक म्हणाले, रक्तातच आहे, यांचे चुलतेही वेडे होते. माझं लग्न ठरलेलं. टोपी बाजारातून मुलाच्या वडिलांचा निरोप आला, थांबा.

डॉक्टर घरी आले. आत्याला म्हणाले, "चुलते वेडे होते, हे कुणी पाहिलं?"

"सगळेच म्हणतात."

"तुम्ही पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. कुणीच नव्हतं. चुलते फौजेतून तापानं बरळत आले आणि त्यातच गेले, एवढंच निघालं.

मी म्हणाले, "म्हणजे तबादल्यानंच झालं ना?" डॉक्टरांनी माझ्याकडेही तसंच संशयानं पाहिलं. "तबादला सगळ्यांचा झाला, बाळ. आजारी हेच का पडले?" मला राग आला. हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा?

औषध मिळालं, झोप मिळाली, नानांपुरता तबादलाही रद्द झाला. नाना सावरले. कशानं? डॉक्टर म्हणाले, "सगळं एकदम झालं. कशानं ते मला सांगता येणार नाही."

मग ते स्वतः टोपी बाजारात गेले. मुलाचे वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गारंटी दो, खून में नहीं है." डॉक्टर म्हणाले, "मेंदूत, रक्तात काही असेलही. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मग शिक्षा मुलीला का?"

लग्न मोडलं. मी रडत विचारलं, "एक खोटा शब्द का नाही बोललात?"

म्हणाले, "उद्या नाना पुन्हा आजारी पडले, तर त्या घरात तुझं कोण ऐकेल?"

नाना पुन्हा आजारी पडले, मंडळी. तोवर माझं दुसऱ्या घरी लग्न झालं होतं, सगळं आधी सांगून. नानांचा हात धरून त्यांना कंपू मोहल्ल्यात डॉक्टरांकडे नेलं, ते माझ्या नवऱ्यानं.

नाना आज इथं आहेत, मागे दाराशी. म्हणाले, "बोलायला जमणार नाही. डॉक्टरांसाठी गप्प उभा राहीन." आपणही त्यांच्याबरोबर उभे राहूया.