लंडनच्या खादाडाचं नाक

मंडळी, आधी एक सांगा — दुसऱ्याची खोड दाखवणाऱ्यानं स्वतः उभं कुठं राहायचं? चित्राच्या बाहेर, की आत? नुसत्या माना हलवू नका, ऐका!

लंडन शहर, अडीचशे वर्षांपूर्वीचं. साहेबांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचे टोप, टोपात उवा — पण ऐट बघावी! तिथं ऑबरी टिल नावाचा चित्रकार. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचा, शाई भरून कागदावर छापायचा, दुकानाच्या काचेत टांगायचा. साहेबलोकांची टिंगल हाच धंदा. आणि बाहेर गर्दी? ही लोटालोटी!

आता गंमत अशी, छापलं की चित्र उलटं होतं. म्हणून कोरतानाच उलटं कोरायचं. त्यासाठी ऑबरी कागदावरचं चित्र आरशासमोर धरी आणि आरशात बघून कोरी. सहा महिने खपून त्यानं एक खादाड साहेब कोरला. ताटात अख्खं डुक्कर, दारात उपाशी बाई — आणि साहेबाची पाठ तिच्याकडे!

लंडन खदखदून हसलं. लोक म्हणाले, हे तर न्यायाधीश ग्रिमशॉ! झालं. ग्रिमशॉसाहेब दोन शिपाई आणि एक घण घेऊन हजर. हे थोबाड माझं नाही असं सगळ्यांसमोर दाखव, नाहीतर पत्रा फोडतो, म्हणाले. ऑबरी गयावया करतोय — साहेब, कुणाचंच नाही हो, मनातलं आहे. कोण ऐकतो! घण वर गेला.

तेवढ्यात त्याची बायको डॉर्कस पुढं आली. तिनं चित्र बघितलं, मग नवरा बघितला.

"अहो, नाक तुमचं आहे," ती हळूच म्हणाली. "चामखीळही तुमचीच. आरशात चित्र बघायचं सोडून मधेमधे स्वतःलाच बघत होतात."

आता काय करावं बिचाऱ्यानं? गप्प बसावं तर सहा महिन्यांचं काम जातंय. बोलावं तर जन्मभर ज्यांची टिंगल केली, ते सगळे बाहेर उभे!

ऑबरीनं टोप काढला. काचेत, चित्राशेजारी, गाल फुगवून बसला. आणि असा हशा पिकला, की रस्त्यातले घोडे उधळले! ग्रिमशॉसाहेब पोट धरून खाली बसले. घण तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑबरीनं चित्राखाली नाव कोरलं — 'मी, जेवताना'. ते वाचून लोक हसता हसता थांबले आणि आपापली नाकं चाचपू लागले!

आणि तुम्ही? मघाशी खादाड म्हटल्यावर, काकू, तुम्ही शेजारणीला कोपरानं ढोसलंत — मी पाहिलं! माझ्याही डोळ्यांपुढं आमच्या शाळेतली, माझ्याच वर्गातली एक मुलगी आली होती, खोटं कशाला सांगू? तर मंडळी, टाळी वाजवायच्या आधी एक हात नाकावर ठेवा — स्वतःच्या! ठेवलात? आता घ्या देवाचं नाव.