उभ्यानं वल्हवायची होडी

राहुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारी नवऱ्याला बजावत होती.

"थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून मासे धरनं आता बंद. डॉक्टरांनी सांगितलंय, गुडगा वाकवायचा न्हाई."

"वाकवतंय कोन? जावयानं आनलेली होडी म्हंजी दोन होड्या शेजारी जोडल्यावानी हाय. उभ्यानंच वल्हवायची, उभ्यानंच मासे धरायचे. हालत सुदिक न्हाई."

"मंग काल धरनात तुमाला दोरीनं वडून का आनलं?"

"अगं, गळाला मरळ लागली आन् सवयीनं मांडी घालून बसलो. मंग उठताच येईना."

"चाळीस वर्सांची सवय ती."

"मरळ मातुर सोडली न्हाई."

"व्हय, खाल्ली की मी बी."

"छबू, माजं जाळं कुटं हाय?"

"कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. मला वाटलं, तुमचं पान्यात जानं संपलं."

"आसूंदे."

"आसूंदे काय? घरी गेल्यावर सोडते. त्या होडीत दोघं मावत्यात का?"

"मावत्यात की. का गं?"

"मी मागं उभी ऱ्हाते. बसाया लागलात, की वल्ह्यानं ढोसते."